मी नाल्यापलीकडे राहायला गेलो नाही

आमच्या घराच्या छपरात एक काचेचं कवेलू, म्हणजे कौल, होतं. बाकीची सगळी मातीची, धुराने काळी पडलेली, आणि त्यांच्या मधोमध हे एकच काचेचं. बाने ते नागभीडच्या बाजारातून तणसात गुंडाळून आणलं होतं आणि घरी कोणी आलं की तो वर बोट करून दाखवायचा. त्या कवेलूतून उन्हाचा एक तुकडा खाली पडायचा आणि दिवसभर घरातून फिरायचा. सकाळी भिंतीवर, मग उखळापाशी, मग चुलीच्या जवळून सरकत धानाच्या ढोलीवर चढायचा आणि तिथे विझायचा. मायजवळ घड्याळ नव्हतं. ऊन उखळाला टेकलं की ती मुसळ भिंतीला लावून ठेवायची आणि भाताला आधण चढवायची. त्या तुकड्यात धूळ नाचायची, मांजर झोपायचं, माय सुपातले खडे निवडायला मुद्दाम तिथे बसायची. मी मात्र तो जिकडे सरकेल त्याच्या उलट बाजूला सरकायचो. विंचू दिसला की माणूस पाय वर घेतो तसा.

मला ऊन चावायचं. दुसरा शब्द मला तेव्हा सापडला नव्हता आणि आजही सापडत नाही. आधी हातांच्या पाठीवर मुंग्या, मग खाज, मग कातडीच्या आत कोणीतरी निखारे पसरून ठेवल्यासारखी आग. गंमत अशी की तेव्हा बाहेरून लगेच काही दिसायचं नाही. पोट्टा बोंबलतोय आणि हातावर ना फोड ना ओरखडा, मग कोणाला खरं वाटणार? मी धावत जाऊन पाण्याच्या रांजणात कोपरापर्यंत हात घालायचो आणि माय लाकूड घेऊन मागे लागायची, कारण पाणी दूरच्या विहिरीवरून तिलाच आणावं लागे. दुसऱ्या दिवशी तोंड सुजायचं, डोळे मिटायचे, कान जाड व्हायचे. गावातली पोट्टी मला कोहळा म्हणायची. मी दगड मारायचो. माझा नेम चांगला होता, हे इथे लिहून ठेवतो.

आमच्याकडे अंगावर काहीही उठलं, खाज असो, खरूज असो, की औषध एकच. करंजीचं तेल चोळायचं आणि उन्हात बसवायचं. ऊन तेलाला आत ओढतं आणि रोगाला बाहेर काढतं, असं सगळे मानत. बा आडदांड होता पण हळवा. सकाळी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, जायच्या आधी तो मला अंगणात घ्यायचा, त्या कडू वासाच्या तेलाने माझे हात, तोंड, कान चोळायचा आणि मला मांडीवर घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसायचा. मी निसटू नये म्हणून माझी दोन्ही मनगटं त्याच्या एका मुठीत असायची. "थोडंसंच बाबू, आता बरा होशीन," असं तो म्हणत राहायचा आणि मी त्याच्या दंडाला चावायचो. त्याच्या दंडावर माझ्या दातांच्या खुणा होत्या. त्या त्याने कधी कोणाला दाखवल्या नाहीत आणि हात झटकून मला खाली टाकलं असंही कधी केलं नाही. आजार जितका वाढला तितकं तेल वाढलं, आणि तेल वाढलं तसं ऊन वाढलं.

दोन-तीन वर्षांत माझी बोटांची पेरं जाड झाली, म्हाताऱ्या बाईच्या हातासारखी. नाकावर आणि गालावर बारीक खड्डे पडले, मेणावर नख दाबल्यासारखे. कानाच्या पाळ्या मऊ राहिल्या नाहीत. शाळेत गुरुजी पोरांना चिंचेखाली बसवायचे आणि चिंचेची सावली काही एका जागी राहत नाही. मी सावलीबरोबर सरकायचो, म्हणून छड्या खायचो. तरी दुसरीपर्यंत गेलो. लिहायला-वाचायला तेवढ्यातच शिकलो आणि आज हे जे लिहितोय ते त्याच दुसरीच्या जोरावर. नातू म्हणतो, आबा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. मी म्हटलं, काही गरज नाही. चुका झाल्या तर त्या माझ्या चुका असतील.

मग गावात चट्टे पाहणारे बाबू आले. आमच्या भागात महारोग फार. सरकारी माणूस गावोगाव फिरायचा, लोकांना ओळीने उभं करून अंग पाहायचा आणि वहीत लिहायचा. हा नवीनच लागला असावा, घाईतही होता, संध्याकाळच्या आत त्याला दुसरं गाव गाठायचं होतं. त्याने माझा कान दोन बोटांत धरून पाहिला, हाताची पेरं पाहिली, तोंड उजेडाकडे वळवलं. मी ओरडलो, कारण उजेड उन्हाचा होता. त्याने वहीत लिहिलं. बाने विचारलं, "काय लिवलं, साहेब?" तो म्हणाला, "संशय आहे. मोठ्या दवाखान्यात न्या." संशय हा शब्द बाने घरी आणला. गावाने घरी नेला तोवर त्यातला संशय गेला होता आणि रोग तेवढा राहिला होता.

आठ दिवसांत आमच्या घरचं पाणी बंद झालं. म्हणजे कोणी बंद केलं असं म्हणाले नाही, पण माय विहिरीवर गेली की बाया आपल्या घागरी उचलून बाजूला होत आणि ती निघून जाईपर्यंत कोणी दोर धरत नसे. गुरुजींनी माझी पाटी शेजारच्या पोराच्या हाती घरी पाठवली. त्याने ती अंगणात ठेवली आणि पळाला. पाटलांनी बाला चावडीवर बोलावलं. पाटील वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मारोती, तुह्या पोट्ट्याले कोणी मारून नाई राह्यलं. पन गावात आनखी लेकरं हायेत. नाल्यापलीकडे सोमाजवळ एक झोपडी बांध. जेवन नेऊन देत जा. पावसाळ्याच्या आत कर."

मी नऊ वर्षांचा होतो. सोमा हा आमच्या गावचा महारोगी. त्याची झोपडी नाल्याच्या पलीकडे, पळसांत. त्याच्या शेजारी माझी दुसरी, असा निकाल झाला होता. बा चावडीवरून आला, जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन बांबू आणायला गेला. अंगणात बांबूचा ढीग पडला. मी तो ढीग पाहिला आणि बांबू मोजले. झोपडी किती मोठी होणार हे मला बांबूवरून कळत होतं. मला पाय पसरून झोपता आलं असतं, एवढीच.

आज लोक मला विचारतात, तेव्हा भीती वाटली का? वाटली असेल. आठवतो तो राग. मला त्या बांबूंचा राग आला होता, आणि ज्याच्या शेजारी मला नेऊन टाकणार होते तो माणूस कसा आहे हे मला आधी पाहायचं होतं. दिवस कलल्यावर, ऊन झाडांच्या मागे गेल्यावर, मी नाला ओलांडला.

सोमा दारात बसून वास्ते सोलत होता. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, आमच्याकडची पावसाळ्याच्या तोंडची भाजी. त्याच्या दोन्ही हातांची बोटं अर्धी होती, पण चाकू मनगटाला चिंधीने बांधून तो असा सोलत होता की मायला जमलं नसतं. मला पाहून तो म्हणाला, "ये शेजारी. जागा पाहाले आला काय?"

"मी नाई राहत इथी," मी म्हटलं.

"मले कोणी इचारलं होतं का, का तुले इचारतीन? बस. हात दाखव."

मी हात पुढे केला. त्याने पेरं पाहिली, कान पाहिला, मग माझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं पाठ पाहतोय. तेवढ्यात त्याने बाभळीचा काटा माझ्या हाताच्या पाठीवर टोचला. मी असा उडालो की त्याची वास्त्यांची टोपली लवंडली, आणि मग मी त्याला त्याच्या आईवरून जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही.

सोमा हसायला लागला. हसता हसता खाली बसला. "शिवी देते! कानाले टोचू काय?" त्याने खरंच कानाला टोचला आणि मी खरंच दुसरी शिवी दिली. मग त्याने आपला हात माझ्यासमोर धरला आणि तोच काटा स्वतःच्या तळव्यात अर्धा रोवला. त्याच्या तोंडावरची माशी हलली नाही. "पाह्यलं? परवा चुलीवरचं भांडं धरलं तं कातडी भांड्याले चिपकली. वास आला तवा कळलं. माह्या रोगात दुखत नाई पोट्ट्या, दुखनंच मरून जाते. तुले तं नसलेलंबी दुखते. तू माह्या घरचा नाई. जा, बापाले सांग, मोठ्या दवाखान्यात ने मले."

बाबूने सांगूनही बा गेला नव्हता, आताही गेला नाही. महारोग्याच्या सांगण्यावरून पोराला दवाखान्यात न्यायचं आणि लोकांना काय सांगायचं, सोमानं पाठवलं? तो सोमाला घाबरत नव्हता, हसण्याला घाबरत होता. माय चुलीपाशी बसून ऐकत होती. रात्रीच्या भातावर लाखोळीच्या डाळीचं वरण होतं, जवसाची चटणी होती, आणि तिने बाच्या पानात काहीच वाढलं नाही. "सोमा त्या दवाखान्यात दोन सालं राह्यला," ती म्हणाली. "त्याच्यापक्षा त्या रोगाचं कोणाले जास्त समजते? पाटलाले? जाऊन या. नाई गेले तं बांबू आनखी आना. झोपडी मोठी करा. मीबी जातो पोट्ट्यासंगं. मंग तुमी कांडा धान, तुमी रांधा आन तुमीच खा." बाने तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या पानाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने खाचरावर चटईची छपरी बांधली आणि बैल जुंपले.

त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. महारोग्यांचा दवाखाना होता, आवारात आंब्याची झाडं होती आणि सगळीकडे फिनेलचा वास. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, उंच, आवाजाने कडक, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांनी मला विचारलं, "काय होतं रे?" मी म्हटलं, "ऊन चावते." बाने मला दटावलं. त्या म्हणाल्या, "त्याला बोलू द्या. तुम्हाला चावतं का? नाही ना? मग त्याला विचारते."

त्यांनी पिसाने हात पुसून पाहिला आणि मला डोळे मिटून जिथे पीस लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. मी एकदाही चुकलो नाही. एका काचेच्या नळीत गरम पाणी, दुसरीत थंड, आणि कोणती कोणती ते ओळखायचं. तेही ओळखलं. मग कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातलं पाणी काचेच्या पट्टीवर पुसलं आणि पट्टी घेऊन त्या आत गेल्या. तसं त्यांनी त्या आठवड्यात दोनदा केलं आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन एकच सांगितलं, "यात महारोगाचा जंतू नाही." बा मटकन खाली बसला. मी म्हटलं, "सोमानं काट्यानंच सांगतलं होतं." बाई म्हणाल्या, "कोण सोमा?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो? त्याला माझा नमस्कार सांग. चाकू बांधून भाजी चिरायला मीच शिकवलं त्याला."

पण त्यांनी आम्हाला सोडलं नाही. महारोग नाही हे कळलं होतं, काय आहे ते कळायचं होतं. त्यांनी आम्ही काय खातो ते विचारलं, सकाळ-संध्याकाळचं सगळं. माझी लघवी बाटलीत धरून उजेडात पाहिली, दात पाहिले. एक दिवस त्यांनी जाड पुस्तक आणलं आणि बाला समजावून सांगितलं, जणू बा शिकलेला होता. उन्हाचे काही आजार लहान पोरांना होतात, फार क्वचित. एकात लघवी तांबडी होते, दातही तांबडे दिसतात आणि फोड येऊन बोटं झडतात. याची लघवी साफ आहे. एकात पाळण्यातल्या पोराच्या तोंडावर काळे ठिपके येतात आणि पुढे त्यांचीच गाठ होते. ते ठिपके याला नाहीत. एक कमी खाण्याने होतो, पण तुमच्या घरी डाळ-भात आहे. "मग हे उरलेलं काय आहे, ते या पुस्तकात मला सापडत नाही," त्या म्हणाल्या. मला त्या बाई तेव्हाच आवडल्या. माहीत नाही असं म्हणणारं मोठं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग त्यांनी मला विचारलं की घरात असताना कुठे दुखतं का. मी काचेच्या कवेलूचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काचेतून? नक्की?" दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझा दंड काळ्या कापडात गुंडाळला. कापडाला दोन खिडक्या कापलेल्या होत्या, रुपयाएवढ्या. एक उघडी ठेवली आणि दुसरीवर खिडकीच्या तावदानाची काच ठेवली. मला उन्हात बसवलं आणि म्हणाल्या, "सहन होईनासं झालं की सांग, लगेच आत घेईन." एवढं मला कोणी आधी म्हटलं नव्हतं. म्हणूनच मी लवकर सांगितलं नाही. दोन्ही खिडक्या पेटल्या, उघडी आणि काचेखालची. संध्याकाळी कापड सोडलं तर दंडावर दोन लाल गोल उठले होते, सुजलेले, आणि कापडाखालची कातडी जशीच्या तशी. बाई कितीतरी वेळ तो दंड पाहत राहिल्या. मग बाच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा मुलगा खोटं बोलत नव्हता. ऊन याच्या अंगाला विष आहे, काचेतून आलेलंसुद्धा. याला कधी उन्हात बसवू नका. तेल तर मुळीच नको. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, गडद सदरा, डोक्यावर कापड, आणि बाहेर जावंच लागलं तर हा पांढरा मलम जाड लावायचा. बरं करणारं औषध माझ्याकडे नाही. पण हे कोणाला लागत नाही, आणि याने तो मरणार नाही."

पुढे चाळीस वर्षांनी नागपूरच्या एका तरुण डॉक्टरने माझं रक्त तपासून त्याचं नाव सांगितलं. रक्तात जन्मापासून काहीतरी साचत जातं आणि उजेड पडला की ते पेटतं, असं त्याचं म्हणणं. नाव लांबलचक आहे, कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद हरवला. माझं काही अडलं नाही.

परतीच्या वाटेवर मी छपरीखाली होतो आणि बा पुढे बैल हाकत होता. मग मागे न पाहता त्याने विचारलं, "मी तेल लावून बसवत होतो, तवाबी असंच दुखे काय?"

"हाव," मी म्हटलं. "रोजच."

खोटं बोलता आलं असतं. बायको म्हणते, बोलायला पाहिजे होतं. पण पाच वर्षं मी तेच सांगत होतो आणि पहिल्यांदा ते कोणी विचारलं होतं. बाने कासरा सैल सोडला. बैल आपोआप चालत होते. घरी आल्यावर सगळ्यात आधी तो शिडी लावून छपरावर चढला, काचेचं कवेलू काढलं आणि तिथे मातीचं बसवलं. काच त्याने फोडली नाही, विकलीही नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. अंगणातले बांबू मात्र त्याने हलवले नाहीत, कारण निकाल अजून पाटलांचा व्हायचा होता.

दोन दिवसांनी चावडी भरली. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर पाटील, पाटलांचा भाऊ, गुरुजी आणि गावातली चार जाणती माणसं. खाली अंगणात दुपारचं ऊन असं की जमीन पांढरी दिसत होती. आम्ही बापलेक चिंचेच्या सावलीत, ओट्यापासून लांब उभे, कारण जवळ या असं कोणी म्हटलं नाही. बाने डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी दिली. दिली म्हणजे ओट्याच्या कडेवर ठेवली. गुरुजींनी ती दोन बोटांनी उचलली आणि वाचली, "या मुलाला महारोग नाही."

"मंग काय हाये?" पाटलांनी विचारलं.

गुरुजींनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. "उन्हाचा काहीतरी त्रास आहे असं लिहिलंय. नाव नाही."

पाटलांचा भाऊ हसला. "बापा! दवाखान्यालेबी नाव नाई सापडलं? महारोगाले तरी नाव हाये. हा तं त्याच्यावरचा निंघाला." लोकही हसले. एकजण म्हणाला, "ऊन लागते म्हने! आमाले काय चांदनं लागून राह्यलं का बांधीत?" पुन्हा हसू. पाटील हसले नाहीत. ते म्हणाले, "मारोती, कागदावर माहा भरोसा हाये. पन लोकाले मी काय सांगू? ज्याचं नाव नाई त्याले लोक भेतेत. झोपडी बांधून टाक, बापा. पुढचं पुढं पाहू."

बाने मान खाली घातली. ती मान खाली गेलेली मी पाहिली आणि माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. मी बाच्या खांद्यावरचं काळं कांबळं ओढून घेतलं, डावा हात त्यात दंडापर्यंत गुंडाळला, डोकं आणि तोंड झाकलं, उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि सावलीतून बाहेर, अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

"अबे, काऊन उभा राह्यला?" पाटलांचा भाऊ म्हणाला.

"दाखवतो," मी म्हटलं. "दवाखान्यात असंच केलं होतं. तुमी पाहा. एक हात कांबळ्यात, एक उन्हात. मंग सांगा मले महारोग हाये का."

पहिला थोडा वेळ सोपा होता. लोक पाहत होते, कोणी विडी पेटवली. मग मुंग्या आल्या. मग खाज. मी हात खाली सोडून ठेवला, खाजवला असता तर त्यांनी म्हटलं असतं की नखांनी लाल केला. मग आग सुरू झाली. मी बाभळीच्या काट्याला शिवी दिली होती, पण इथे तोंड मिटून ठेवलं, दात दातावर. डोळ्यांतून पाणी येत होतं ते कांबळ्याखाली कोणाला दिसत नव्हतं. बा सावलीतून धावत आला. मी म्हटलं, "बा, तू बस. हात नोको लावू." त्याने कधी नव्हे ते माझं ऐकलं. तो मागे गेला नाही, पण हातही लावला नाही. तिथेच उन्हात माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला.

मायने माझ्या दोन्ही मनगटांना दृष्टीचा काळा दोरा बांधला होता. उजव्या हाताचा दोरा आधी सैल होता. सकाळच्या उन्हाची सूज दुसऱ्या दिवशी यायची, ही भर दुपारची तिथल्या तिथे चढली. हळूहळू दोरा घट्ट झाला आणि मग कातडीत रुतायला लागला. हात खांद्यापासून बोटांपर्यंत लाल झाला होता, बोटं एकमेकांना टेकत होती. हसणं थांबलं होतं. गुरुजी म्हणाले, "पाटील, पुरे. पोरगं पडेल." मी म्हटलं, "नाई पडत." खरं म्हणजे पडणार होतो. अंगण एका बाजूला कलत होतं.

पाटील उठले. ओट्यावरून खाली उतरले, वहाणा न घालता, आणि तापलेल्या जमिनीवरून माझ्यापर्यंत आले. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या डाव्या हातावरचं कांबळं सोडलं. मग माझे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, शेजारी-शेजारी धरले, आणि पाहिले. एक हात नऊ वर्षांच्या पोराचा. दुसरा फुगलेला, लाल, दोरा आत गेलेला. तो सरकारी बाबू येऊन गेल्यापासून आमच्या घराबाहेरच्या कोणत्याही माणसाने मला धरलं नव्हतं, दवाखान्यातल्या बाई आणि सोमा सोडून. त्यांनी लाल हात हलकेच दाबला. मी ओरडलो. त्यांनी लगेच सोडला.

"दुखते," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच. मग हळूच मला म्हणाले, "चाल बाबू, सावलीत चाल. झोपडी नोको."

इथे मी जे केलं त्याबद्दल मला लोकांनी उद्धट म्हटलं, पुढे कितीतरी वर्षं म्हटलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. मी जागचा हललो नाही. म्हटलं, "मोठ्यानं सांगा. त्याइले ऐकू नाई गेलं."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. ते ओट्याकडे वळले आणि चावडीवर सारा वसूल करताना लावायचे त्या आवाजात म्हणाले, "मारोतीचा दौलत गावातच राहीन. आपल्या घरी. हा महारोग नाई. मी हात लावून पाह्यलं. ज्याले शंका असन त्यानं येऊन हात लावा."

कोणी आलं नाही.

सोमाचं सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल विसरला. सोमा नाल्यापलीकडेच राहिला. ज्याने माझा रोग ओळखला त्याच्यासाठी चावडी भरली नाही, आणि मी मोठ्याने बोलूनही ती भरली नसती. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात असे, त्याच्या हातचं खात असे, आणि गावाने पुन्हा कुरकुर केली तेव्हा मी त्यांना म्हटलं, दवाखान्यात जाऊन कान चिरून घ्या, मग बोला. तो मरेपर्यंत मी गेलो. महारोग नाही म्हणून मी सुटलो, पण महारोग असता तर मला नाल्यापलीकडे टाकणं बरोबर होतं, असं मी तेव्हाही मानलं नाही.

त्या दुपारी पाटील बोलून झाल्यावर मी कांबळं पुन्हा डोक्यावर ओढलं. बा मला उचलायला वाकला. मी मान हलवली. चिंचेची सावली जवळ होती, पण मी तिकडे गेलो नाही. मी अंगण ओलांडून सरळ ओट्याकडे चाललो. तीन पायऱ्या होत्या. त्या चढलो आणि सतरंजीवर, पाटलांचा भाऊ आणि गुरुजी यांच्या मधोमध, जाऊन बसलो. माझा सुजलेला हात पाटलांच्या भावाच्या गुडघ्याला टेकला होता. त्याने तो गुडघा सरकवला नाही.